छप्पन्नाव्या वर्षी मातीचं वेड लागलं, तर भट्टी घ्यावी का?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय छप्पन्न, पुढच्या वर्षी निवृत्ती. मुलीनं वाढदिवसाला पॉटरीच्या तीन महिन्यांच्या वर्गाची फी भरून दिली आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. यजमान म्हणतात खूळ आहे, उतरेल. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखतं. ग्रॅच्युइटीतून चाक आणि भट्टी घ्यायचं मनात आहे. हे टिकेल का, आणि या वयात काही जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

भट्टी घेऊ नका. निदान दोन वर्षं तरी नाही. का ते पुढे सांगतो, पण पैशाचा मामला आहे म्हणून आधीच सांगून टाकलं.

मी एक्कावन्नाव्या वर्षी मातीत हात घातला, आता अडुसष्ट पूर्ण. त्याआधी तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होतो, म्हणजे लेथवर धातूचा तुकडा (जॉब) फिरवून त्याला आकार देणारा. व्हीआरएस घेतली तेव्हा वाटलं, फिरणाऱ्या वस्तूला आकार देण्यात आयुष्य गेलंय, मातीचं चाक म्हणजे लेथच, फक्त उभा. पहिल्याच दिवशी हा भ्रम चाळीस मिनिटांत उतरला. लेथवर जॉब चकमध्ये, म्हणजे यंत्राच्या पकडीत, घट्ट आवळलेला असतो आणि टूल त्याच्याकडे जातं. इथे चकही तुमचा हात आणि टूलही तुमचा हात. त्यात जॉब मऊ आणि ओला, शिवाय तो आपल्या मनाला येईल तिकडे सरकणार. धातू खरवडून कमी करायचा असतो, तर माती असते तेवढीच वर चढवायची असते. मी सवयीनं जोर लावला. गोळा चाकावरून उडून भिंतीला चिकटला.

वर्गातलं शिकणं झाल्यावर मी भोर रस्त्यावरच्या एका गावात एका म्हाताऱ्या कुंभाराकडे जायला लागलो. खरं तर गच्चीवर ठेवायला रांजण घ्यायला गेलो होतो, बोलत बसलो आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. मी त्यांना आबा म्हणायचो. त्यांचं चाक मोटर बसवलेलं होतं. त्यांनी मला तीन महिने एकही भांडं घरी नेऊ दिलं नाही. मी एखादा गडवा उभा करून खुशीत मान वर केली, की ते पाण्यात भिजलेला दोरा घेऊन यायचे आणि भांडं वरपासून खालपर्यंत उभं चिरायचे. दोन फाका समोर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा सायेब, खाली भाकरी, वर पापड." मी घरून व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं अवजार, घेऊन गेलो आणि मोजलं. बुडाशी अकरा मिलिमीटर, काठाशी तीन. आबांनी व्हर्नियर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला. त्यांना अंगठा नि तर्जनीत तो फरक कळत होता.

तुम्हीही हे करा. पहिली पन्नास भांडी चिरा. बाहेरून सुबक दिसणारं भांडं आतून काय आहे, हे कळायला दुसरा स्वस्त मार्ग नाही. आणि ठेवायचंच नाही हे ठरलेलं असलं, की हात सैल सुटतो.

वेड लागलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. डिसेंबर आला आणि आबांकडे संक्रांतीच्या सुगडांची घाई सुरू झाली. सुगडं एकेका गोळ्यातून कुणी करत नाही. चाकावर मोठा ढीग चढवायचा, त्याच्या शेंड्यापुरतीच माती मधोमध आणायची, सुगड काढायचं, दोऱ्यानं कापायचं, लगेच खालच्या मातीतून पुढचं. आबा एका ढिगातून चाळीसेक काढायचे. मी बसलो की सहा निघायची, त्यातली दोन लंगडी. पण आठवडाभर तेच करत राहिलो आणि एका दुपारी लक्षात आलं, की गेला तासभर मी कसलाच विचार केलेला नाही. हात करत होते, मी बघत होतो. कारखान्यात असं कधी झालं नव्हतं, तिथे पीसची संख्या मोजणारा माणूस मागे उभा असायचा. पुढे संक्रांतीला आमच्या हिनं वाणासाठी मंडईतून पाच सुगडं आणली. आबांचा माल मंडईत जायचा, म्हणून मी पाचही उलटी करून बुडं तपासत बसलो. माझं कुठलं ते मला ओळखू येईना. ही म्हणाली, "जे हलतंय ते तुमचं."

टिकेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी इथूनच देईन. पॉटरीत चाकाचा भाग सगळ्यांनाच आवडतो. ओली माती हातातून वर सरकते तेव्हा कुणालाही आनंद होतो, त्यावरून काही कळत नाही. चाकावरचा वेळ एकूण कामाच्या पावही नसतो. बाकी सगळं म्हणजे माती मळणं, झाकणं, वाळताना दिवसातून दोनदा उलटं करणं, बूड तासणं, भाजणं, घासणं, ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, ढवळणं, चाळणं, पुन्हा भाजणं, आणि फसलेली माती भिजवून परत वापरात आणणं. पुढच्या महिन्यात वर्गात जाल तेव्हा स्वतःवर नजर ठेवा. टाकाऊ मातीची बादली समोर आली, की तुम्ही कुणाच्या तरी मागे लपता का बाह्या सावरता? माझ्याकडे शिकायला आलेल्यांपैकी जे राहिले, ते सगळे बादलीवाले होते. उत्तम हात असलेले काहीजण चौथ्या-पाचव्या महिन्यात गेले, कारण चाक जमलं आणि नेमका त्याच वेळी ग्लेझनं दगा दिला. छान घडवलेले चहाचे सहा मग भट्टीतून चिखलाच्या रंगाचे निघाले, की माणूस खचतो.

बादलीची एक गंमत सांगतो. माती परत भिजवायची असेल तर ती आधी कडक वाळू द्या, मग पाण्यात टाका. अर्धवट ओला गोळा पाण्यात आठवडाभर तसाच गोळा राहतो. कोरडा टाकला, तर तासाभरात फसफसून त्याचा लगदा होतो. माझा यावर विश्वास बसला नव्हता, मी दोन डबे शेजारी ठेवून पाहिलं.

आता वयाचं. बिअट्रिस वूड नावाची अमेरिकन बाई होती, जन्म 1893 चा. हॉलंडमध्ये तिनं चमकदार ग्लेझच्या जुन्या बशा घेतल्या आणि त्यांना जोडीची चहादाणी हवी म्हणून चाळिशीत, 1933 च्या सुमाराला, हॉलिवूड हायस्कूलच्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. चहादाणी एका बैठकीत होते अशी तिची समजूत होती. पुढे तीच धातूसारख्या चमकणाऱ्या ग्लेझसाठी जगभर ओळखली गेली. 1961 मध्ये ती भारतात येऊन गेली. तिला साड्यांचं वेड होतं आणि कॅलिफोर्नियातल्या ओहाय गावी ती चाकावरसुद्धा साडी नेसून बसायची. 1998 मध्ये गेली, एकशे पाच वर्षांची होऊन. जपानातली ओतागाकी रेंगेत्सु (1791–1875) ही भिक्षुणी. दोन लग्नं आणि मुलं असा सगळा संसार गमावल्यावर, आधार असलेले दत्तक वडील 1832 मध्ये वारले, तेव्हा पोटासाठी ती क्योटोत हातानं चहाची भांडी घडवून विकू लागली. स्वतःच्या कविता ती त्यांवर कोरायची.

पण ही उदाहरणं सांगून मी तुम्हाला भरीला घालणार नाही. तुमच्याकडे वीस वर्षांच्या पोरापेक्षा काय जास्त आहे, ते जास्त महत्त्वाचं. तुम्ही पस्तीस वर्षं स्वयंपाकघरात भांडी वापरली आहेत. दुधाच्या कोणत्या भांड्याला ओतताना बाहेरून ओघळ येतो, कुठल्या वाटीत चमचा कोपऱ्यात अडतो, भरल्यावर कोणता मग मनगटाला जड जातो, हे तुम्हाला पाठ आहे. माझ्या वर्गातली कॉलेजातली मुलं सुंदर चहादाणी करतात आणि तिच्यातून चहा टेबलक्लॉथवर पडतो. नळीचं तोंड धारदार असावं, गुळगुळीत गोल नसावं, म्हणजे धार तुटते. हे मला एका बाईनं शिकवलं, तीही पहिल्या महिन्यातली विद्यार्थिनी.

स्वयंपाकघराची एक सवय मात्र आड येते. माती कणकेसारखी मळू नका. कणीक आपण दुमडतो, आत हवा राहिली तरी बिघडत नाही. मातीचा हेतू वेगळा: ती सगळीकडे सारखी ओली आणि सारखी घट्ट व्हायला हवी. ढकला, थोडं फिरवा, ढकला, घडी घालू नका. भाकरी थापता येत असेल तर मात्र तुम्ही नशीबवान. तळहाताच्या त्याच दाबानं मातीचा स्लॅब, म्हणजे सपाट थर, फार एकसारखा होतो.

अंगठ्याच्या बुडाचं दुखणं आधी डॉक्टरांना दाखवा. तो सांधा झिजला असेल तर मी इथे बसून काही सांगणं बरोबर नाही. कामाच्या बाजूनं एवढं सांगतो. माती नेहमीपेक्षा मऊ घ्या. अर्धा किलोच्या पुढे वर्षभर जाऊ नका. मळण्याऐवजी तारेनं कापून एकावर एक आपटायची पद्धत आहे, तिच्यात अंगठा लागत नाही. माती मधोमध आणताना कोपर मांडीत रोवा, जोर खांद्यातून आणि पाठीतून येऊ द्या, हात नुसता टेकू. माझं मनगट गेली सतरा वर्षं शाबूत आहे ते त्यामुळेच. पाठीसाठी स्टूल चाकापेक्षा थोडं उंच घ्या आणि समोर आरसा लावा, म्हणजे भांड्याची बाजू बघायला वाकावं लागत नाही.

आणि चाकच पाहिजे असं कुणी सांगितलं? आपल्याकडे कित्येक ठिकाणी कुंभारांच्या बायकांना चाकाला हात लावायची मुभाच नव्हती. माती तयार करायची त्यांनी, घासायची, रंगवायची त्यांनी, चाक फिरवायचं पुरुषांनी. पण मणिपुरातल्या आंद्रो गावात भांडी लग्न झालेल्या बायकाच घडवतात आणि त्याला चाक लागतच नाही. बोटांनी चिमटत, वळ्या चढवत, थापटत काय काय करता येतं ते दोन वर्षांत संपणार नाही इतकं आहे. अंगठा रुसला तर तो रस्ता खुला आहे, आणि तो कमी दर्जाचा नाही.

माती कुठली घ्यावी? तयार पिशवी घ्या, गुजरातेतल्या थानगढ भागातल्या मातीची मिश्रणं सगळीकडे चालतात. शेतातली काळी माती आणून प्रयोग करू नका. आमच्याकडे दरवर्षी कुणीतरी गावाहून पोतं आणतंच. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, उन्हाळ्यातलं शेत आठवा. तेच भांड्याचं होतं. कुंभार तळ्यातला, नदीकाठचा गाळ घेतात आणि त्यात राख, लीद मिसळतात ती उगीच नाही. लीद जळून जाते, तिच्या बारीक छिद्रांतून वाफेला वाट मिळते. हे फार जुनं शहाणपण आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीची कुंभाराची भट्टी सापडली. तांबड्यावर काळी नक्षी, तोटीचे गडवे. पुण्यात कधी आलात तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा आणि तोटी कशी जोडली आहे ते बघा.

आकसण्याचा हिशेब आधीच करून ठेवा. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर दगडासारखी पक्की होणारी माती वाळून, भाजून साधारण बारा टक्के आकसते. म्हणजे चहाचा मग आठ सेंटिमीटर उंच हवा तर ओला नऊपेक्षा थोडा जास्त घडवावा लागतो. हे सगळ्यांना समजतं. मापातली मेख समजत नाही. बारा टक्के तिन्ही बाजूंनी आकसतात, म्हणून ओल्या कपात दोनशे मिली मावत असेल तर भाजल्यावर एकशे छत्तीसच मावतं. आयुष्यभर मापं घेतलेला मी, आणि माझा पहिला चहाचा सेट कफ सिरप प्यायच्या मापाचा झाला.

आता भट्टी. भट्टी म्हणजे कपाट नाही, बटण दाबलं आणि झालं. पहिली भाजणी हजार अंशांच्या आसपास, ग्लेझची बाराशेच्या वर. शंभराच्या खाली पुरेसा वेळ थांबला नाहीत तर आतल्या ओलाव्याची वाफ होते, ती पाण्याच्या सतराशेपट जागा मागते आणि भांडं फुटतं. हवेच्या बुडबुड्यानं फुटतं असं वर्गात सांगतात, पण दोष बहुतेक वेळा ओलाव्याचाच असतो. साडेचारशे ते सहाशेच्या दरम्यान मातीच्या कणात रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर ती पुन्हा कधी चिखल होत नाही. 573 अंशांना मातीतला क्वार्ट्झ, म्हणजे गारेचा कण, एकदम फुगतो आणि थंड होताना त्याच ठिकाणी आक्रसतो, घाईनं झाकण उघडलं तर तिथे टणकन आवाज येतो. हे सगळं दुसऱ्याच्या भट्टीवर, दुसऱ्याच्या वीजबिलावर शिकावं. बऱ्याच ठिकाणी जागेच्या हिशेबानं भाजून देतात. शिवाय स्वतःची भट्टी आली की ती भरण्यासाठी माणूस भराभर वस्तू करायला लागतो. मला हे झालंय. वर्षभर मी भट्टीचा नोकर होतो. मोठी भट्टी थ्री फेज मागते, सोसायटी आणि वीजमंडळ दोन्हीकडे खेटे घालावे लागतात, ते वेगळंच.

चाक मात्र सहा महिन्यांनी घ्या, वापरलेलं. बाल्कनीत मावतं. पण घरात काम करणार असाल तर दोन गोष्टी पाळा. वाळलेली माती कधीही झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानंच पुसायची. त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाते ती कायमची. घरात नातवंडं असतील तर जास्तच जपा. दुसरं, हात नि अवजारं बेसिनमध्ये धुवायची नाहीत. बादलीत धुवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी झाडांना घाला. माझ्या पहिल्या वर्षात आमच्या मोरीचं पाणी तुंबलं होतं. प्लंबरनं पाइपमधून काढलेला लगदा पाहून विचारलं, "काका, इथे गणपती बनवता का?"

यजमानांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी घरी काहीच पटवून दिलं नाही. हिला माझ्या हातचं एकच भांडं आवडतं, विरजणाचं. साध्या तांबड्या मातीचं, ग्लेझ नाही, त्यात दही घट्ट लागतं कारण पाणी भिंतीत मुरतं. आम्ही भांड्यावर बोटाचं पेर वाजवून पाहतो, भाजलेलं पक्कं असेल तर खणकन वाजतं. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं वाजवून नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं ती गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असते. ही ते भांडं आणल्या दिवसापासून रोज वाजवून बघते, का ते विचारायची माझी हिंमत नाही.

शेवटचं, विकायची घाई नको आणि भेट द्यायचीही नको. पहिल्या वर्षी मी उत्साहानं सगळ्या नातेवाइकांना मग वाटले. तेव्हा मला बूड नीट दाबून घ्यायचं माहीत नव्हतं. भांडं उपसताना भिंती दाबल्या जातात, तळ तसाच सैल राहतो, मग वाळताना तिथे इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते. ग्लेझखाली ती दिसत नाही, काही महिन्यांनी उघडते. दोन वर्षांनी मावसभावाकडे गेलो, तर माझा मग न्हाणीघरात साबण ठेवायला. वाईट वाटलं, पण उचलून पाहिला तेव्हा त्याचं बरोबर होतं. पाणी तळातून निथळून जात होतं आणि साबण कोरडा ठणठणीत होता.